नंबर प्लेटला हात लावायचा नाही, मग बदलून कोण देणार?

शेतकरी बंधूंनो, या पानावर मी एरवी पेरणी, खत, फवारणी यांवर लिहितो. आज विषय जरा वेगळा आहे, पण शेताच्या बांधावरूनच आलेला आहे.

दिवाळीनंतरची गोष्ट. आखाडा बाळापूरच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन आलेले शेवाळ्याकडचे एक काका मला भेटले. ओलावा, भाव, हळदीवरचा करपा असं बोलणं झालं आणि जाता जाता त्यांनी मला ट्रॅक्टरच्या मागे नेलं. म्हणाले, "साहेब, हे बघा. नवी प्लेट हाय. पाच-सहाशे रुपये गेले. अन् आकडेच गेले."

मी वाकून पाहिलं. ॲल्युमिनियमची पांढरी प्लेट, ठोकून वर उचललेले आकडे, पण आकड्यांच्या माथ्यावरचा काळा रंग घासून गेलेला. लांबून पांढऱ्यावर पांढरं दिसत होतं. शेवटचा आठ होता, त्याची डावी बाजू गेली आणि त्याचा तीन झाला. काकांना वारंगा फाट्याच्या रस्त्यावर रात्री गस्तीवाल्यांनी थांबवलं होतं. बॅटरी मारून त्यांनी नंबर वाचायचा प्रयत्न केला, शेवटी कागदावरूनच घेतला आणि "प्लेट बदला" म्हणून सोडून दिलं. काका मला विचारत होते, "मी काय केलं तिला? मी तर हातबी लावला नाही."

हाच प्रश्न महिनाभर माझ्या डोक्यात आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. १ एप्रिल २०१९ नंतर विकल्या गेलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे ज्याला आपण एचएसआरपी म्हणतो ती, शोरूममधूनच बसून येते. त्याआधीच्या जुन्या गाड्यांना ती नव्याने बसवून घ्यायची आहे. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याचे तीन विभाग करून तीन एजन्सींना काम दिलं गेलं. मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती. मग ३० जून, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर असं करत ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत नेली. दुचाकी आणि ट्रॅक्टरला दर ४५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये. जीप-कारला ७४५ अधिक जीएसटी.

या प्लेटमागचा हेतू चांगला आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. चोरीची मोटारसायकल दुसऱ्याचा नंबर लावून फिरवणं हा प्रकार आपल्याकडेही होतो. प्रत्येक प्लेटवर लेझरने कोरलेला वेगळा क्रमांक असतो, क्रोमियमचा होलोग्राम असतो, आणि मागे असा लॉक बसवतात की एकदा बसला की तोडल्याशिवाय निघत नाही. सर्वोच्च न्यायालयात मनिंदरजित सिंग बिट्टा यांच्या याचिकेवर वर्षानुवर्षं सुनावणी झाली, राज्यांना वारंवार फटकारलं गेलं, तेव्हा हे काम हललं. माझी तक्रार कायद्याबद्दल नाही. माझी तक्रार त्या एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याबद्दल आहे, आणि तो पत्रा खराब झाल्यावर जे होतं त्याबद्दल आहे.

आता जुन्या दिवसांकडे बघा. बाळापुरात पेंटरकडे गाडी लावली की तासाभरात लोखंडी पत्र्यावर नंबर निघायचा. खाली 'आई-वडिलांची कृपा', वर 'जय जवान जय किसान', कुणी तर आकडेही मराठीतच काढून घ्यायचं. ते नियमात बसत नव्हतं, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या प्लेटचा एक गुण होता. रंग उडाला की पेंटर चहाच्या पैशात ब्रश मारून द्यायचा. माझ्या वडिलांच्या गाडीचा नंबर एमएच-२२, म्हणजे परभणीचा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला, त्याआधीच्या सगळ्या गाड्या परभणीच्याच नंबरच्या. त्या प्लेटवर तीन वेळा तरी ब्रश फिरला असेल, पण ती गाडी विकेपर्यंत टिकली.

नवीन प्लेटवर ब्रश मारता येत नाही. तिच्यावर काळा ऑइलपेंट लावला तर ती छेडछाड. स्टिकर लावला तर छेडछाड. लॉक तुटला म्हणून बाजारातला नटबोल्ट मारला तरी ती प्लेट ग्राह्य नाही. म्हणजे सरकारने आपल्याला सांगितलं आहे की ही वस्तू तुमच्या गाडीवर राहील, पैसे तुम्ही द्याल, पण दुरुस्ती तुम्ही करायची नाही. हे मला मान्य आहे. पण मग ती खराब झाली तर ज्याने दिली त्याने बदलून द्यायला नको का?

आणि नियमातही तसंच म्हटलेलं आहे, हे पुष्कळांना माहीत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ५० वाचा. या प्लेटवरचा परावर्तक पापुद्रा, म्हणजे रात्री दिव्याच्या उजेडात जो चमकतो तो, किमान पाच वर्षं खराब होणार नाही याची हमी असली पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. अक्षरांचा आणि कडेचा रंग गरम ठशाने, पक्का बसवायचा, असंही लिहिलं आहे. पक्का रंग म्हणजे किती पक्का? एका पावसाळ्यात उडाला तर त्याला आपल्याकडची बाईसुद्धा पक्का रंग म्हणणार नाही, लुगडं परत करील.

आता प्लेट खराब का होते? यात थोडं माझ्या विषयाचं ज्ञान कामाला येतं. ॲल्युमिनियम गंजत नाही असा आपला समज आहे. तसं नाही. ॲल्युमिनियमवर हवेनेच एक पातळ थर चढतो आणि तो आतल्या धातूचं रक्षण करतो. पण क्षार आले, विशेषतः क्लोराइड, की तो थर फुटतो आणि पत्र्याला बारीक खड्डे पडतात. पोटॅश खताच्या पोत्यात काय असतं? क्लोराइडच. धुण्याचा सोडा, कॉस्टिक, चुना यांनीही ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मोरचूद तर त्याहून वाईट. बोर्डो मिश्रण लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नका, प्लास्टिकच्या बादलीत करा, असं आम्ही का सांगतो? कारण तांब्याचं मीठ त्या धातूला खातं. आता विचार करा, खताची पोती वाहणारी, फवारणीच्या टाकीखाली उभी राहणारी, शेणखताच्या ट्रॉलीला जुंपलेली आपली गाडी. शहरातल्या पार्किंगमधल्या कारच्या प्लेटचं आयुष्य आणि आपल्या ट्रॅक्टरच्या प्लेटचं आयुष्य एक असेल का?

त्यात हादरे. रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर दिवसभर कसा थरथरतो ते तुम्हाला सांगायला नको. प्लेट सपाट पत्र्यावर टेकलेली नसेल, मडगार्डच्या गोलाईवर दोन लॉकांवर अधांतरी बसवली असेल, तर भोकाजवळ तडा जाणारच. ॲल्युमिनियमची तार दहा वेळा इकडून तिकडे वाकवली की तुटते, तोच प्रकार. पुढची प्लेट बॉनेटच्या जाळीवर लोंबकळत असेल तर ती तुरीच्या-उसाच्या फडातून जाताना घासते, मुडपते.

नियमाच्या मूळ मजकुरात या पत्र्यासाठी जर्मन मानकाचा उल्लेख आहे. जर्मनीतल्या रस्त्यावर तो टिकत असेल. पण कयाधूकाठच्या काळ्या मातीत, जुलैच्या चिखलात आणि एप्रिलच्या ४२ अंशात तो टिकतो की नाही, हे आपल्या रस्त्यावरच तपासायला हवं.

एकट्या प्लेटचाच दोष आहे असं मी म्हणणार नाही. आपलाही हात आहे. दसऱ्याला पूजा करताना प्लेटला हळदकुंकू लावता, जरूर लावा. पण दुसऱ्या दिवशी ते कपड्याच्या सोड्याने आणि तारेच्या घासणीने घासून काढता, तेव्हा काळा रंगही घासून निघतो. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा फवारा अगदी जवळून प्लेटच्या कडेवर मारतात, मग पापुद्र्याखाली पाणी शिरतं आणि फोड येतात. ओल्या फडक्याने, साध्या पाण्याने पुसलं की पुरे. खत-फवारणीच्या कामानंतर प्लेटवर तांब्याभर पाणी टाकायची सवय लावा, दहा सेकंदांचं काम आहे.

पण काकांनी यातलं काहीच केलेलं नव्हतं. त्यांच्या घरी तारेची घासणी भांड्यालासुद्धा वापरत नाहीत, काकू राखेने घासतात.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. माझ्या मोटारसायकलला मी मागच्या उन्हाळ्यात प्लेट बसवली. ज्या केंद्रावर बसवली तिथे गर्दी होती, पोरगा घाईत होता. मागची प्लेट तिरकी बसली, एक लॉक पूर्ण दबला नाही. मी दाखवलं. तो म्हणाला, "चालतंय सर, काही होत नाही." मीही म्हटलं, चालतंय. कार्यालयात बैठक होती. पंधरा-वीस दिवसांनी शिवाराच्या रस्त्याने जाताना लॉक निसटला, प्लेट एका बाजूला लोंबायला लागली आणि दगडाला लागून मुडपली. परत गेलो, तर पावती मागितली. पावती मोबाईलवर आली होती, ती कुठे गेली कोण जाणे. मग सांगितलं की नवीन मागणी नोंदवा. मी मुकाट्याने पुन्हा पैसे भरले. एरवी गावोगाव 'पावती सांभाळा, पावती सांभाळा' म्हणून सांगत फिरणारा मी.

कारण आम्ही तेच सांगतो ना? बियाण्याची पिशवी फोडताना लेबल फाडू नका, मूठभर बी पिशवीत राहू द्या, दुकानाचं पक्कं बिल घ्या. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही, तक्रारींचा पूर आला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. तेव्हा ज्याच्याकडे बिल आणि लेबल होतं त्याची तक्रार कागदावर चढली, बाकीचे कपाळाला हात लावून बसले. बियाण्याच्या तक्रारीत निदान एक रस्ता आहे. अर्ज द्या, तालुक्याची समिती शेतात येते, पंचनामा होतो, अहवाल होतो. भरपाई मिळो न मिळो, दोष बियाण्याचा की पेरणीचा हे कुणीतरी येऊन पाहतं.

नंबर प्लेटचं तसं काही नाही. रंग उडाला तर तो कारखान्याचा दोष की मालकाचा निष्काळजीपणा, हे ठरवणारं गावाजवळ कुणी नाही. केंद्रावरचा पोरगा ठरवतो. तो पोरगाही बिचारा महिन्याच्या पगारावर, त्याच्या हातात बदलून द्यायचा अधिकार नाही. मग सोपा मार्ग एकच, पुन्हा ५३१ भरा. आणि खर्च ५३१ वर थांबत नाही. ट्रॅक्टर घेऊन हिंगोलीला किंवा जिथे तारीख मिळेल तिथे जायचं, डिझेल, एक दिवस मोडला, ऐन हंगामात असेल तर दोन मजुरांची रोजी बसल्या जागी द्यावी लागते. काकांनी हिशेब केला तर तो दीड-दोन हजारांवर गेला. एका प्लेटसाठी.

हे जगात कुठे झालंच नाही असं नाही. कॅनडात ओंटारिओ नावाचा प्रांत आहे. तिथेही ॲल्युमिनियमच्या प्लेटचा पापुद्रा सुटायला लागला, लोकांनी तक्रारी केल्या. तिथे पाच वर्षांच्या आत प्लेट अशी सोलली तर सरकारी केंद्रावर फुकट बदलून मिळते. त्याच प्रांताने १ फेब्रुवारी २०२० पासून नव्या निळ्या प्लेट काढल्या. थोड्याच दिवसांत एका पोलीस अधिकाऱ्याने जाहीर केलं की रात्री नंबर वाचताच येत नाही. सरकारने आधी टाळाटाळ केली, पण मे महिन्यात ती निळी प्लेट बंद केली आणि पुन्हा जुनी पांढरी सुरू केली. चूक तिथेही झाली. पण ती गाडीवाल्याच्या माथी मारली नाही.

आपल्याकडे पाच वर्षांची अट नियमात आहेच. ती अमलात कशी आणायची एवढाच प्रश्न आहे, आणि इथे मला सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांच्याशी बोलायचं आहे.

प्लेट बसवताना शहरात काही सोसायट्यांच्या दारात माणसं जाऊन बसवून आली. मग गावात का नाही? बाळापूरसारख्या मोठ्या गावात, आजूबाजूच्या दहा-पंधरा खेड्यांसाठी, बाजाराच्या दिवशी एक तक्रार शिबिर घेता येईल. परिवहन कार्यालयाचा एक माणूस, एजन्सीचा एक माणूस, आणि ज्यांच्या प्लेट खराब झाल्या ते गाडीवाले. प्लेट बघायची, बसवल्याची तारीख बघायची, फोटो काढायचा. रंग आपोआप उडाला असेल, पापुद्रा सुटला असेल, तर फुकट बदलायची. दगडाला लागून मुडपली असेल तर मालकाने पैसे भरायचे, त्याला कुणी ना म्हणणार नाही. ग्रामसभेत तसा ठराव करून उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाला पाठवा. ठरावाला किंमत नसते असं म्हणतात, पण पंचवीस गावांचे ठराव एका आठवड्यात टेबलावर आले तर ते कुणालातरी वाचावे लागतात. ग्रामपंचायतीची स्वतःची घंटागाडी, पाण्याचा टँकर असेल तर त्याची प्लेट आधी जाऊन बघा. तिची काय गत झाली आहे ते तुम्हालाच कळेल.

पोलीस पाटलांना एक विनंती. प्लेटचा नंबर दिसत नाही म्हणून रस्त्यात अडवलेल्या माणसाची बाजू पोलीस ठाण्यात समजावून सांगा. नंबर मुद्दाम झाकलेला आणि रंग उडून गेलेला यात फरक आहे. उद्या काकांच्या आठाचा तीन समजून कॅमेऱ्याने चलान काढलं तर ते कुणा भलत्याच्याच नावावर जाईल, आणि तो माणूस हिंगोलीला चकरा मारील. शिवाय ट्रॉलीचा मागचा दिवा किती जणांचा लागतो? खोटं कशाला बोला. आपल्या नांदेड रस्त्यावर अंधारात पुष्कळ ट्रॅक्टरच्या मागे चमकणारी वस्तू एकच असते, ती म्हणजे ही प्लेट. तिचा पापुद्रा गेला तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला काहीच दिसत नाही. त्या मोटारसायकलवर कुणाचाही मुलगा असू शकतो.

शेतकरी बंधूंनी एवढं करावं. प्लेट बसवतानाच ती सपाट बसली का, दोन्ही लॉक पक्के दबले का, आकड्यांवर खरचटलेलं आहे का, हे तिथेच बघा. घाई असली तरी बघा, मी बघूनही गप्प बसलो ते तुम्ही करू नका. पावतीची छापील प्रत काढून आरसी बुकाच्या पिशवीत ठेवा. बसवल्या दिवशी प्लेटचा एक फोटो मोबाईलवर काढून ठेवा, होलोग्राम आणि खालचा कोरलेला क्रमांक दिसेल असा. पुढे रंग उडाला की दुसरा फोटो काढा. मग परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'आपले सरकार'वर तक्रार टाकता येते. ग्राहक म्हणून १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. ५३१ रुपयांसाठी आयोगात कोण जाणार, असं तुम्ही म्हणाल. एकटा नाही जाणार. पण एका गावातले वीस ट्रॅक्टरवाले मिळून गेले तर?

आणि एक करू नका. वैतागून पेंटरकडे जाऊन आकड्यांवर काळा रंग मारून घेऊ नका. मला माहीत आहे की काहींनी मारून घेतला आहे. दिसायला छान दिसतो, पण एकदा ब्रश लागला की तुमचा फुकट बदलून मागायचा हक्क गेला, कारण पुढचा म्हणणार, तुम्हीच छेडलं.

काकांच्या घरी दोन संध्याकाळी बसून मी पावती शोधली. ती त्यांच्या मुलाच्या जुन्या मोबाईलमध्ये सापडली. मोबाईलची काच फुटलेली, पण बसवल्याची तारीख स्पष्ट वाचता येत होती, जेमतेम आठ महिन्यांपूर्वीची. मागच्या सोमवारी अर्ज दिला, नियम ५० चा उल्लेख करून, दोन फोटो जोडून. पोच मिळाली आहे. उत्तर आलं की याच पानावर कळवीन. तुमच्यापैकी कुणाच्या प्लेटचे असे हाल झाले असतील तर पावती आणि फोटो घेऊन बाळापूरच्या कृषी कार्यालयात या. माझा विषय नसला तरी अर्ज लिहून द्यायला मी बसेन.